मोडसा घटला, केंड माजला

मासेमारीच्या अर्थकारणाची चर्चा आपल्याकडे बहुधा एकाच आकड्याभोवती फिरते : यंदा मासळी किती टन मिळाली? कोणती मासळी मिळाली, कोणती दुर्मिळ झाली आणि तिच्या घटण्याची किंमत कोणी मोजली, याची नोंद त्या आकड्यात नसते. हा हिशेब किती अपुरा आहे, हे मालवणच्या मच्छीमारांना केंड माशाने शिकविले आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला समुद्राचा जो भाग मालवणकडे आत वळला आहे, तो वरकरणी एकच पाणी दिसतो. वस्तुतः तेथे अनेक वस्त्या आहेत. कुठे खडक व प्रवाळ, कुठे सागरी शेवाळाची दाट वाढ, कुठे नुसती वाळू. उत्तरेस कालावलची व दक्षिणेस कर्लीची खाडी. त्यांच्या कांदळवनांत कोळंबी आणि कितीतरी माशांची पिले वाढतात. या वैविध्यानुसार माणसांचे उद्योगही वाटले गेले आहेत. बांगडा-तारलीसाठी रापण, सुरमईसाठी न्हय्या, ओहोटीला खडकांवरची कालवे आणि वाळूतल्या तिसऱ्या. एखाद्या हंगामात बांगड्याने पाठ फिरविली तरी सगळ्याच चुली एकदम थंड पडत नाहीत. ज्यांच्यापाशी शिल्लक नाही, त्यांचा हाच विमा होय.

या विम्याचे एक कलम अलीकडे गळून पडले. केंड हा फुगणारा मासा. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. तो जाळ्यात अडकलेली मासळी कुरतडतो आणि जाळेही फाडतो. मोडसा हा मोठा मासा त्याला खाऊन त्याची संख्या आटोक्यात ठेवतो. नैर्ऋत्य किनाऱ्यावर केंडाचे थवे वाढले, तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या वाढीचा संबंध मोडशाच्या वाढत्या मासेमारीशी जोडला. पहारेकरीच विकला गेल्यावर चोर माजावेत, तसे हे झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील मर्म वेगळेच आहे. मोडसा पकडणाऱ्यास त्याचा पुरा भाव मिळाला. परंतु मोडसा जिवंतपणी जे राखणीचे काम करीत होता, त्याला बाजारात भावच नव्हता. जाळे मात्र फाटले ते दुसऱ्याचे. नफा एकाच्या पदरात व खर्च दुसऱ्याच्या माथी, अशी ही विभागणी. आणि तो दुसरा बहुधा लहान होडीचा धनी असतो. बाजारभाव मासा मेल्यावर ठरतो. जिवंत माशाची समुद्रातील कामगिरी त्यात धरलेली नसते.

कायद्यांची वाण नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तर प्रखर दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून पकडण्यास केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. हे नियम आवश्यकच आहेत. पण त्यांचा रोख मुख्यतः साधनांवर आहे. कोणता जीव कोणत्या जीवाला आवरतो, याचा विचार त्यांत क्वचितच दिसतो. १९८७ मध्ये मालवणच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रात सागरी अभयारण्य जाहीर झाले. परंतु ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर अवलंबून होती त्यांनाच विश्वासात न घेतल्याने, हे संरक्षण त्यांना आपल्यावरील संकट वाटले व त्यांचा विरोध ओढवला.

वास्तविक विविधता टिकण्यात सर्वांत मोठे हित आहे ते रापणकाराचे. ट्रॉलरवाला एक बंदर सोडून दुसऱ्या बंदरास जाऊ शकतो. रापण ओढणाऱ्याला आपला किनारा सोडता येत नाही. म्हणून संरक्षणाची आखणी त्याच्या अनुभवाच्या आधारे व त्याच्या संमतीने झाली पाहिजे, आणि मासळीच्या वार्षिक हिशेबात टनांच्या रकान्याशेजारी फाटलेल्या जाळ्यांचाही रकाना असला पाहिजे. तो भरला जाईपर्यंत उत्पादनवाढीचे आकडे अर्धसत्यच सांगत राहतील.