जाळे वर येण्यापूर्वी

जून आणि जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्राच्या जलधिक्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आणि या काळात शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते त्या जयगडच्या खाडीत नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात, जाळी दुरुस्तीला काढली जातात आणि यंत्रांची डागडुजी सुरू होते. बंदी कोणत्या तारखेला उठणार हे सर्वांना ठाऊक असते. समुद्र केव्हा निवळेल, नारळी पौर्णिमेच्या आधी बाहेर पडता येईल की नंतर, आणि पहिल्या खेपेला जाळ्यात काय येईल, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. हंगाम जवळ येतो तसतसे मच्छीमार वस्तीत उत्साह आणि अस्वस्थता एकत्रच वाढत जातात. अज्ञाताच्या प्रतीक्षेत या दोन भावना अशा एकमेकींना चिकटून का राहतात, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर गेल्या तीन दशकांतील मेंदूविज्ञानाने दिले आहे.

या संशोधनाच्या केंद्रस्थानी डोपामाइन हे रसायन आहे. मेंदूच्या मधल्या भागातील काही मज्जापेशी ते स्रवतात आणि एके काळी त्याला सरसकट सुखाचे रसायन म्हटले जात असे. परंतु वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून वेगळेच चित्र समोर आले. अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की या पेशी उसळून सक्रिय होत. रसाआधी ठरावीक खूण दाखवण्याची सवय झाल्यावर मात्र त्या खुणेलाच प्रतिसाद देत आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहत. खूण दिसूनही रस मिळाला नाही, तर त्यांची क्रिया नेहमीपेक्षाही खाली जाई. म्हणजे या पेशी बक्षिसाची नव्हे, तर बक्षिसाविषयीचा अंदाज आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील तफावतीची नोंद ठेवतात. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी 1997 मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली, आणि शिकण्याच्या प्रक्रियेकडे पाहण्याची दृष्टीच तिने बदलली.

अज्ञाताच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रयोग 2003 मधला आहे. क्रिस्टोफर फिओरिलो, फिलिप टोबलर आणि शुल्ट्झ यांनी माकडांना निरनिराळ्या आकृत्या दाखवल्या. एका आकृतीनंतर रस हमखास मिळे, एकीनंतर कधीच मिळत नसे, तर उरलेल्या आकृत्यांनंतर तो मिळण्याची शक्यता या दोन टोकांच्या मध्ये असे. आकृती दिसल्यापासून रसाच्या क्षणापर्यंतच्या सुमारे दोन सेकंदांत डोपामाइन पेशींची क्रिया हळूहळू चढत जाताना आढळली, आणि हा चढ सर्वांत तीव्र होता तो रस मिळण्याची शक्यता नेमकी निम्मी असताना. खात्री असली की चढ नाही, आशाच नसली तरी चढ नाही. या चढाचा अर्थ काय लावावा याबाबत संशोधकांत मतभेद आहेत, आणि दोन सेकंदांच्या निरीक्षणावरून दोन महिन्यांच्या प्रतीक्षेविषयी बोलताना सावधगिरी हवीच. तरीही अनिश्चितता ही निव्वळ माहितीची उणीव नसून मेंदूत तिची स्वतंत्र दखल घेतली जाते, हा या प्रयोगातला विचार फार मोलाचा आहे.

या ओढीला सुख म्हणता येईल का, हा पुढचा प्रश्न. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी दाखवले की डोपामाइन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर अन्नासाठी हालचाल करत नाहीत, मात्र तोंडात गोड द्रव घातला की पूर्वीसारखीच पसंतीची चिन्हे दाखवतात. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि प्रतीक्षेत प्रामुख्याने पहिली जागी असते. ती माणसाला पुढे ओढते, पण तृप्ती देत नाही.

अस्वस्थतेची दुसरी बाजू युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे 2016 मध्ये तपासली गेली. आर्ची डी बर्कर आणि सहकाऱ्यांनी 45 स्वयंसेवकांना संगणकावरच्या एका खेळात दगड उलटायला लावले. दगडाखाली साप निघाला, की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसे. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचे प्रसरण यांवरून मोजलेला ताण झटक्याची शक्यता निम्मी असताना सर्वाधिक होता. झटका बसणारच हे पक्के असताना तो त्याहून कमी होता. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर अधिक नेमकेपणाने वरखाली होत होता, त्यांचे सापाविषयीचे अंदाजही अधिक बरोबर ठरले. म्हणजे ही घालमेल व्यर्थ नाही. परिस्थितीचा ठाव घेण्याच्या कामी ती येते.

प्रयोगशाळेत रस आणि झटका वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता येतात. जयगडला ते एकाच जाळ्यात येतात. बांगडा किंवा सुरमई चांगली लागली तर तांडेल आणि खलाशांचा वाटा वाढतो. जाळे रिकामे आले तर डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च अंगावर पडतो, आणि दुरुस्तीसाठी काढलेले कर्ज तसेच उरते. त्यामुळे या प्रतीक्षेला निव्वळ उत्कंठा म्हणणे अन्यायाचे ठरेल. हुरहूर किती गोड लागावी, हे बरेचसे हरल्यावर काय गमवावे लागणार यावर अवलंबून असते.

ही अनिश्चितता मुळात समुद्राची आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. ही क्रिया केरळकडे जोरकस असते आणि उत्तरेकडे क्षीण होत जाते. त्या पाण्यावर वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात, आणि त्यांच्यामागे तारली, बांगड्यासारख्या माशांचे थवे येतात. वारा, प्रवाह आणि तापमान यांच्या जुळणीवर हे सारे अवलंबून असल्याने एका वर्षाचा अनुभव दुसऱ्या वर्षी पुरत नाही.

अज्ञाताची व्याप्ती कमी करण्याची धडपडही मेंदूच्या स्वभावातच आहे. एथन ब्रॉमबर्ग-मार्टिन आणि ओकिहिडे हिकोसाका यांना 2009 मध्ये असे आढळले की, पाणी थोडे मिळणार की पुष्कळ हे आधी कळल्याने मिळणाऱ्या पाण्यात काहीही फरक पडत नसला, तरी तहानलेली माकडे ते आधी सांगणारी खूणच निवडतात, आणि नुसत्या माहितीच्या अपेक्षेनेही डोपामाइन पेशी उद्दीपित होतात. मच्छीमाराला तर अशा माहितीचा थेट उपयोग आहे. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांच्या सूचना देते; मासळी कोठे जमण्याचा संभव आहे ते त्यांतून समजते, किती लागेल ते नाही. शिवाय तापमान टिपणारी अवरक्त किरणांची आणि पाण्याचा रंग टिपणारी उपकरणे ढगांच्या पलीकडचे पाहू शकत नाहीत. ऑगस्टच्या आरंभी कोकणावर पावसाळी ढग दाटलेलेच असतात, आणि म्हणून प्रतीक्षा सर्वाधिक ताणलेली असते नेमक्या त्याच दिवसांत उपग्रहाकडून मिळणारी मदत सर्वांत तोकडी पडते.