सगळ्यात खालची रेघ

आकडी आली की आमच्याकडे नाकाला कांदा लावायचे. मामेभावाला आली तेव्हा आजीने मात्र त्याच्या छातीवर हात ठेवला. ‘काळीज धावतंय गं याचं,’ म्हणाली. ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या व्हिडिओ-ईईजी कक्षात एक रात्र बसले.

आत शिरताच इलेक्ट्रोड चिकटवायच्या कलोडियनचा वास आला. इथरसारखा, जरा गोडूस. तंत्रज्ञ ताईंनी तपासणीला आलेल्या एका पोराचं डोकं टेपने मोजलं, खुणा केल्या, इलेक्ट्रोड चिकटवले. मग दोन छातीवर. ‘ही ईसीजीची. पडद्यावर सगळ्यात खाली. बघणारे वरचंच बघतात.’

पोराच्या गोळ्या मुद्दाम कमी केल्या होत्या. आकडी यावी म्हणून वाट बघत बसायचं, हे काम मला शेवटपर्यंत विचित्रच वाटलं.

तीनच्या सुमाराला खालची रेघ दाटू लागली. ७२ वरचे ठोके १३० पर्यंत गेले. वरच्या मेंदूच्या रेघा अजून शांत होत्या. ताई तेवढ्यात उठल्यासुद्धा. काही सेकंदांनी उजव्या कानशिलाकडच्या रेघा तालात हलू लागल्या. पोरगा ओठ चाटत चादर चिवडू लागला.

अमिग्डाला आणि इन्सुला हे मेंदूचे भाग कवटीपासून आत दडलेले. तिथली खळबळ डोक्यावरच्या तारांना लगेच कळत नाही. पण हृदयाच्या वेगावर त्यांचा हात असतो, म्हणून छातीला आधी कळू शकते. हृदय धडधाकट असतं, हुकूम चुकीचा येतो. बहुतेकदा ‘पळ’ असा. क्वचित व्हेगस नसेवाटे ‘थांब’ असा. मग ठोके काही सेकंद बंद पडतात, माणूस गळून पडतो.

आकडीने जीव जातो का, विचारलं. ‘हजारात एक,’ ताई म्हणाल्या. अपस्मार असलेल्या हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एक अचानक जातो. बहुधा रात्री, मोठ्या झटक्यानंतर, पालथा झोपलेला. अशाच कक्षांतले मृत्यू तपासणारा मॉर्टेमस अभ्यास २०१३ साली आला. त्यात झटक्यानंतर आधी श्वास थांबला, मग हृदय. हजारात एक. मामेभावाच्या डॉक्टरांनी हा आकडा आम्हाला कधी सांगितला नाही. घाबरतील म्हणून, असणार. आम्ही कांदा तर हुंगवतच होतो, कुशीवरही वळवलं असतं.

सकाळी ॲसिटोनने कलोडियन निघू लागलं. पोराच्या आईला केसांची काळजी. ‘हे निघेल ना सगळं?’

‘दोनदा न्हाऊ घाला, निघेल,’ ताई म्हणाल्या. ‘आणि रात्री त्याच्याच खोलीत झोपा. पालथा दिसला तर वळवा.’