एक्स-रे नॉर्मल, तरी गुडघा निसटतो

चौसाळ्याहून एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतो आणि गावच्या संघातून कबड्डीही खेळतो. चढाईवरून परतताना पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि अंग वळलं. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. तीन आठवड्यांत सूज ओसरली, महामार्गाच्या कडेनं सरळ पळताही येऊ लागलं. पण वळायला गेलं की गुडघा निसटतो. त्यानं विचारलं आहे, 'अविनाश साबळेला झालं तेच मला झालं असेल का? आणि त्यातून बरं व्हायला इतके महिने का लागतात?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, पत्रावरून तरी, बहुधा हो असंच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश ११ जुलै २०२५ रोजी मोनाकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीपाशी पडला. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट आणि सोबत गादी, म्हणजे मेनिस्कस, दोन्ही दुखावली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. पुरुषांच्या अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. त्यावरून ओल्या जागी, एका पायावर, धावण्याचा वेग न मोडता उतरायचं. माझ्यासारख्या हाडांच्या डॉक्टरला ती शर्यत बघताना प्रत्येक उडीला गुडघाच दिसतो.

एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरपी बांधणारी, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीची पट्टी. तरुण माणसात ती सुमारे २२० किलोचा ताण सोसते. मग ती तुटते कशी? नॉर्वेतल्या संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंच्या दुखापतींच्या चित्रफिती एकेक चौकट थांबवून तपासल्या. २०१० साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत लिगामेंट तुटतं. गुडघा आत कलतो, नडगी फिरते आणि संपतं. धोक्याची वर्दी मिळून मांडीचे स्नायू आवळले जायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे दणकट मांड्या असल्या तरी त्या क्षणी त्या मदतीला पोहोचत नाहीत. पाय टेकण्याआधीच त्या सज्ज असाव्या लागतात. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाशचं सुवर्ण केनियाच्या अब्राहम किबिवोटकडे गेलं ते ०.०५ सेकंदानं, म्हणजे ५० मिलिसेकंदांनी. सुवर्ण हुकायला लागला त्याहूनही कमी वेळ लिगामेंट तुटायला लागतो, याचं मला फार नवल वाटतं.

एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. 'हाड मोडलेलं नाही' हे वाक्य खरं असूनही त्यानंच आपल्याकडच्या कितीतरी पोरांचं नुकसान केलं आहे. गुडघा मुरगळल्यावर दोन-चार तासांत सुजला, तर आत रक्त साठलं आहे असं समजायचं. तेव्हा मालिश नको आणि ओढाताणही नको. सूज जरा उतरली की डॉक्टर गुडघा थोडा वाकवून, एका हातानं मांडी धरून दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढून बघतात. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी ठक्कन अडते, तुटलं असेल तर मऊपणे पुढे सरकत जाते. ही लॅचमनची चाचणी. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. एमआरआय नंतर, खात्रीसाठी आणि गादीची अवस्था बघण्यासाठी.

गादीचा उल्लेख आला की मला टोकियोचे डॉ. मासाकी वातानाबे आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचे गुरू केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून बघितली. कारण जिव्हाळ्याचं होतं: क्षयरोगानं गुडघा आखडला की जपानी माणसाला जमिनीवर बसता येत नसे, आणि तिथलं सारं जगणंच जमिनीवरचं. 'डॉक्टर, मांडी घालता येईल ना?' हा प्रश्न मी रोज ऐकतो, त्यामुळे ताकागी मला परके वाटत नाहीत. वातानाबेंनी ती दुर्बीण सुधारत नेली. १९५९ च्या त्यांच्या एकविसाव्या नमुन्याच्या टोकाला चिमुकला दिवा होता आणि तो सांध्यातच फुटण्याचा धोका असे. ४ मे १९६२ रोजी त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यातला गादीचा फाटका तुकडा दुर्बिणीतून काढला. तो मुलगा सहा आठवड्यांत पुन्हा बास्केटबॉल खेळू लागला.

त्या काळी गुडघा उघडून अख्खी गादी काढून टाकण्याची रीत होती. तसं केल्यावर सांधा झिजू लागतो, हे ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रेंवरून दाखवलं होतं. १९६४ च्या ऑलिम्पिकसाठी कॅनडाच्या संघासोबत असलेले डॉ. रॉबर्ट जॅक्सन वातानाबेंकडे ही विद्या शिकले, अमेरिका खंडात घेऊन गेले आणि नाव बरंचसं जॅक्सन यांचं झालं. जॅक्सन यांनी गुरूचं ऋण मान्य केलं, पण आज दुर्बिणीनं गुडघा बरा झालेल्या किती खेळाडूंना वातानाबे हे नाव ठाऊक आहे?

आता दुसरा प्रश्न, वेळेचा. तुटलेलं एसीएल सहसा आपोआप सांधत नाही, कारण सांध्यातल्या वंगणात रक्ताची गुठळी टिकत नाही आणि जखम भरायला आधारच मिळत नाही. म्हणून त्याच रुग्णाच्या मांडीमागची किंवा वाटीखालची शीर, म्हणजे टेंडन, घेऊन, हाडांत बोगदे पाडून, तिथे बसवतात. बसवताना ही शीर मूळ लिगामेंटइतकी, कधी त्याहूनही मजबूत असते. पण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, म्हणून तिच्यातल्या पेशी मरतात. मग शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी धाडतं आणि जुने तंतू काढून नवे विणतं. राहतं माळवद न उतरवता खालचे खांब आणि तुळया एकेक करून बदलाव्यात, तसं हे काम चालतं. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते आणि नेमकी तेव्हाच ती शीर सगळ्यात कच्ची असते. पोरं तिथेच फसतात.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास सांगतो, की नवव्या महिन्यापर्यंत मैदानावरचं पुनरागमन जितके महिने पुढे ढकलाल, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटतं. म्हणून 'सहा महिन्यांत धडाक्यात पुनरागमन' अशा बातम्या मला धोकादायक वाटतात. पूर्ण तुटलेलं एसीएल इंजेक्शननं जोडून देण्याची जाहिरात तर सरळ नाकारावी. नऊ महिन्यांनंतरही दुखऱ्या मांडीची ताकद दुसऱ्या मांडीच्या नव्वद टक्क्यांवर आली का, हे मोजूनच परवानगी द्यावी. कुस्तीपटू विनेश फोगाटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठली. त्या मधल्या वर्षातल्या रोजच्या व्यायामाची बातमी होत नाही.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. स्वीडनमध्ये तरुण रुग्णांना आधी नीट व्यायाम दिला, तेव्हा जवळपास निम्म्यांना पाच वर्षांतही शस्त्रक्रिया करावी लागली नाही. पण कबड्डी, कुस्ती, खो-खो खेळायचं असेल आणि गुडघा वारंवार निसटत असेल, तर थांबू नये. प्रत्येक निसटण्याला गादी आणखी फाटण्याचा धोका असतो, आणि लवकर आलेल्या रुग्णाची जी गादी शिवता येते ती उशिरा आलेल्याची कापून काढावी लागते. भरतीची तारीख पुढच्या वर्षीही येईल. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठा आणि अस्थिरोग विभागात 'गुडघा हातानं तपासा' असं स्पष्ट सांगा.

तालमीतल्या वस्तादांना आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना माझी एक विनंती आहे. सरावाच्या सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं उडी मारून उतरायला शिकवा: दोन्ही गुडघे वाकलेले, पावलांच्या सरळ रेषेत, आत न कललेले. मग एका पायावर तोल आणि शेवटी दिशा बदलणं. अशा सरावानं गुडघ्याच्या दुखापती घटतात हे अनेक देशांत सिद्ध झालं आहे, आणि त्याला लागते ती फक्त मोकळी जागा आणि बघणारा एक जाणकार डोळा.