एक कसोटी, बावन्न लीग सामने
कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्लीत टेनिस बॉलवर जोरात टाकणाऱ्या पोराला घरचे हमखास विचारतात, बॉलिंगवर पोट भरणार आहे का? अमेरिकेतल्या बेसबॉल पिचरला हा प्रश्न इतका छळत नाही, कारण तिथल्या मोठ्या लीगमध्ये मोसमाला १६२ सामने असतात आणि क्लब साधारण पाच पिचर आळीपाळीने उतरवतो. टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा अस्थिबंध १९७४ मध्ये तुटला, तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली कंडरा काढून तिथे बसवली, आणि तो १९८९ पर्यंत खेळला. हात असा जपला जातो, कारण त्याला कायम काम असतं. कोल्हापूरच्या सदाशिव रावजी पाटील यांची कारकीर्दही मला याच बाजूने पाहावीशी वाटते.

१९३३ साली जन्मलेले पाटील मध्यमगती गोलंदाज. १९५५ मध्ये पुण्यात पाहुण्या न्यूझीलंडविरुद्ध पश्चिम विभागाकडून त्यांनी ७४ धावांत ७ बळी घेतले आणि डिसेंबरात ब्रेबॉर्नवर कसोटीची टोपी मिळवली. नवा चेंडू घेऊन दोन डावांत २३ षटकं, ५१ धावा, २ बळी. शिवाय नाबाद १४. भारत डावाने जिंकला, पण गाजले मंकडांचे २२३ आणि सुभाष गुप्तेंचे आठ बळी. पाटलांना पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढे १९५९ आणि १९६१ च्या मोसमांत ते इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये चर्च नावाच्या छोट्या गिरणी-गावाच्या क्लबकडून खेळले. तिथे प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवता येई. गाव पैसे मोजून त्याला आणी, त्यामुळे शनिवारी त्याच्याकडून बळी हवेतच. ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी, शिवणीवर पडून वळणारा चेंडू. ५२ सामन्यांत त्यांनी १११ बळी घेतले.

कोणी म्हणेल, कसोटीत दोनच बळी, मग वगळलं तर नवल काय? खरं आहे, पण एका सामन्यावर गोलंदाज तोलायचा, तर पुण्यातले सात बळीही त्याच तराजूत टाकावे लागतील. त्या काळी आपल्याकडे फिरकी गोलंदाज येण्याआधी चेंडूची लकाकी घालवणं एवढंच मध्यमगतीचं काम मानलं जाई, आणि तेही फडकर, रामचंद यांच्यासारख्या फलंदाजी करणाऱ्यांकडून भागे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: लीगमधले बळी बहुतेक हौशी फलंदाजांचे, त्यांची तुलना रणजीशी कशी? गुणवत्तेची नकोच. तुलना कामाची आहे. १९५२-५३ पासून सुमारे बारा मोसमांत पाटलांच्या वाट्याला प्रथमश्रेणीचे ३६ सामने आले, म्हणजे वर्षाला तीन. त्यांत ८३ बळी आणि महाराष्ट्राचं कर्णधारपदही. चर्चने त्यांना दोनच मोसमांत ५२ वेळा मैदानात उतरवलं.