सेरामपूरचें लहानसें विश्वविद्यालय

विश्वविद्यालय म्हटलें म्हणजे भव्य इमारती, हजारों विद्यार्थी व पदवीदानाचा थाट आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु विश्वविद्यालयाचें खरें सामर्थ्य कशांत असतें? राजाच्या सनदेंत, कीं वर्गांत चालणाऱ्या अध्यापनांत? बंगालमधील सेरामपूर कॉलेजाचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतो. म्हणून तो आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर सेरामपूर हें गांव आहे. पूर्वीं तेथें डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखांत मिशनरी लोकांस थारा देत नसे. म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तिघे या गांवीं येऊन राहिले. केरी पूर्वाश्रमीं जोडे शिवीत, मार्शमन शाळामास्तर होते व वॉर्ड मुद्रक. तिघांपैकीं एकानेंहि विश्वविद्यालयांत शिकून पदवी घेतलेली नव्हती! पण त्यांचा उद्योग मोठा होता. पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें केरींनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश सेरामपुरास छापून प्रसिद्ध केला. तेव्हां आपणां मराठी भाषिकांवरहि या गांवाचें ऋण आहेच.

१८१८ सालच्या जुलै महिन्यांत या तिघांनीं कॉलेजाची योजना जाहीर केली. पौर्वात्य वाङ्मय व पाश्चात्य शास्त्रें हीं दोन्ही तेथें शिकवावयाचीं होतीं. आरंभीं विद्यार्थी अवघे ३७ होते. त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदूहि होते. जो तरुण केवळ परकी भाषेंत शिकतो तो आपल्याच लोकांत परका होतो, हें ओळखून देशभाषेंतील शिक्षणास तेथें मान देण्यांत आला. कॉलेजांतील अध्यापक जॉन मॅक यांचें रसायनशास्त्रावरील बंगाली पुस्तक १८३४ सालीं प्रसिद्ध झालें.

१८२७ सालीं डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनीं कॉलेजास सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. १८३३ च्या नियमांत जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणासहि प्रवेश नाकारूं नये, असें ठरलें. परंतु पुढचे दिवस कठीण आले. कलकत्त्यांतील मोठमोठ्या पेढ्या बुडून कॉलेजाचा पैसा गेला. वॉर्ड १८२३ सालींच वारले होते, केरी १८३४ त व मार्शमन १८३७ त निवर्तले. १८४५ सालीं डेन्मार्कनें सेरामपूर कंपनीस विकलें. त्या तहांत सनदेचे हक्क राखले गेले खरे, पण ते कागदावरच राहिले. १८५७ पासून कॉलेजाचे विद्यार्थी नव्या कलकत्ता विश्वविद्यालयाच्या परीक्षांस बसूं लागले. १८८३ सालीं तेहि वर्ग बंद पडले.

विसाव्या शतकाच्या आरंभीं प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनीं संस्थेस पुन्हा ऊर्जितावस्था आणली. १९१० सालीं उच्च धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, १९११ सालीं कलकत्ता विश्वविद्यालयाशीं पुन्हा संबंध जुळला, आणि १९१५ सालीं सनदेच्या आधारें पहिल्या पदव्या देण्यांत आल्या. पदवीधर किती? केवळ तीन! सनद मिळाल्यापासून ८८ वर्षें लोटलीं होतीं. १९१८ सालीं बंगाल सरकारनें कायदा करून हा अधिकार पक्का केला. आज भारतांतील अनेक धर्मशिक्षणसंस्था सेरामपूरच्या सिनेटशीं संलग्न आहेत. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी ही त्यांपैकींच एक.

विद्यार्थिमित्रहो, यांतून बोध कोणता घ्यावयाचा? सनद राजानें दिली, पण राजाची सत्ता सेरामपुरांतून केव्हांच गेली. संस्था तगली ती शिकविणारांच्या चिकाटीनें. पालकांसहि आमची एवढीच विनंती आहे कीं, शाळेची पारख करतांना इमारत किती उंच हें पाहण्याआधीं, आंत शिकवितात कोण व दार कोणासाठीं उघडें आहे, हें पाहावें.