घर बदलले, दिशा हरवल्या

"अरे, या घराची पूर्व कुठे आहे?" पुण्यात राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. सूर्याला अर्घ्य देण्यासाठी ती तांब्या घेऊन गॅलरीत उभी होती आणि समोर सूर्याऐवजी शेजारच्या इमारतीची भिंत होती. माझी दवाखान्याची वेळ झाली होती. "मोबाइलमध्ये बघून संध्याकाळी सांगतो," असे म्हणून मी बाहेर पडलो आणि सांगायचे विसरून गेलो.

गेली पंचवीस वर्षे मी पुण्यात जनरल प्रॅक्टिस करतो आहे. गावाकडचे घर बंद करून मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले आजी-आजोबा माझ्याकडे नेहमीच येतात. कुणाला झोप नाही, कुणाला भूक नाही, कुणाचा रक्तदाब अचानक वर गेलेला. "जागा बदलली आहे, थोडे दिवस लागतील, रुळतील," असे मी त्यांच्या मुलांना सांगत आलो. या वाक्यात किती गोष्टी झाकल्या जातात, हे माझ्या घरात तेच घडल्यावर मला कळले.

वडिलांच्या निधनानंतर आई कऱ्हाडला एकटी राहत होती. ऐन पावसात अंगणात पाय घसरून तिचे मनगट मोडले, तेव्हा मात्र आम्ही हट्ट धरला आणि २०२४ च्या जूनमध्ये तिला पुण्यात आणले. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. सोबत दोन ट्रंका, देव आणि औषधांचा एक पत्र्याचा डबा. त्या डब्याकडे मी तेव्हाच नीट पाहायला हवे होते.

बारीकसारीक अडचणी

पहिल्या पंधरवड्यात मोठे असे काहीच घडले नाही. जे घडले ते सगळे बारीकसारीक होते. लिफ्टचे दार तिच्या चालीपेक्षा लवकर मिटे, म्हणून ती लिफ्टच टाळू लागली, म्हणजेच खाली जाणे टाळू लागली. दारावर आलेल्या माणसाला आत घेण्यासाठी मोबाइलवर परवानगी द्यावी लागते, हे तिला पटेना. "आलेल्या माणसाला दारात उभे करून चौकशी करायची ही कुठली रीत?" असे ती म्हणे. कऱ्हाडला भाजीवाली घरासमोर टोपली उतरवून दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलून जात असे. इथे भाजी पिशवीत बंद होऊन येते आणि आणणारा मुलगा जिन्यात पोहोचायच्या आत दिसेनासा होतो.

संध्याकाळी तिची चुळबुळ वाढे. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर ती रोज संध्याकाळी जात असे. जाता-येता ओळखीची दहा माणसे भेटत. म्हणजे फिरणे, गप्पा, भूक आणि झोप या चारही गोष्टी त्या एका फेरीत होत्या. आम्ही तिला नदीपासून दूर आणले, एवढेच आम्हाला दिसत होते. तिच्या दिवसाचा कणाच आम्ही काढून घेतला होता, हे दिसले नाही.

रात्री वेगळीच अडचण. कऱ्हाडच्या घरात अंथरुणातून उठल्यावर डाव्या हाताला चार पावलांवर न्हाणीघर होते. पन्नास वर्षांची ती सवय पायांत भिनलेली. इथे डावीकडे कपाट. दोनदा तिचे कपाळ त्यावर आपटले. तिसऱ्या रात्री माझ्या पत्नीने पलंगाची दिशा बदलली, जेणेकरून स्वच्छतागृह डावीकडेच येईल, आणि वाटेवर एक मंद दिवा लावला. एवढ्या साध्या उपायाने रात्रीचा धोका पुष्कळ कमी झाला. मी डॉक्टर असून मला तो सुचला नव्हता.

जे मला दिसले नाही

जुलैच्या अखेरीस आई बोलायची कमी झाली. जेवण अर्ध्या पोळीवर आले. दिवसभर चहा आणि दोन बिस्किटे. दुपारी पेंगत असे. एकदा तिने मला वडिलांच्या नावाने हाक मारली. मी मनाशी म्हणालो, गावाची आठवण येते आहे, वय झाले आहे. एका रात्री अडीच वाजता दाराची कडी वाजली. आई लुगडे नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर पडायच्या तयारीत उभी होती. "घाटावर जाऊन येते, उशीर झाला," ती म्हणाली.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात, असे माझ्या मनात आले. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ कधी घ्यावी याचा विचार करत मी उरलेली रात्र काढली. सकाळी पत्नीने विचारले, "तुमच्या पेशंटच्या आईला असे झाले असते, तर तुम्ही आधी काय केले असते?" उत्तर मला ठाऊक होते. मी आईचा रक्तदाब पाहिला. तो नेहमीपेक्षा बराच कमी होता. साखर, लघवी आणि क्षारांची तपासणी पाठवली. रक्तातील सोडियम साधारणपणे १३५ ते १४५ असते. आईचे १२१ होते.

मग तो पत्र्याचा डबा उघडला. रक्तदाबासाठी ती घेत असलेल्या गोळीत लघवी वाढवणारे एक औषधही होते. पुण्यात आल्यावर मी तीच गोळी दुसऱ्या कंपनीची आणून दिली होती. घटक तेच, पण नाव वेगळे, रंग वेगळा. आईने कऱ्हाडच्या डॉक्टरांची गोळी सकाळी आणि मुलाने दिलेली गोळी संध्याकाळी, अशी शिस्तीने दोन्ही चालू ठेवली. दुप्पट औषध आणि त्यात नावापुरते जेवण. जुनी पाकिटे परत घे, असे मी तिला सांगितलेच नव्हते. चूक तिची नव्हती, माझी होती.

तीन दिवस तिला रुग्णालयात ठेवावे लागले. सोडियम फार वेगाने वाढवल्यास मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून ते बेताबेताने, वारंवार तपासत वाढवतात. चौथ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दाढी का नाही केलीस?" मला माझी आई परत मिळाली होती.

संभ्रम आणि स्मृतिभ्रंश

हा अनुभव सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की नव्या जागी आलेल्या वृद्धांच्या बाबतीत 'जागा बदलल्यामुळे होत असेल' हे स्पष्टीकरण सर्वांना सोयीचे वाटते आणि खरा आजार त्याच्या आड दडून राहतो.

स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. काही तासांत किंवा काही दिवसांत माणूस गोंधळला, वेळकाळाचे भान सुटले, कधी बरा तर कधी भ्रमिष्ट असे दिसू लागले, बोलण्याकडे लक्ष टिकेनासे झाले, तर तो तीव्र संभ्रम समजावा. असा रुग्ण नेहमी आरडाओरडाच करतो असे नाही. पुष्कळदा तो गप्प होतो, पेंगतो, आणि म्हणून दुर्लक्षित राहतो. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणे, शरीरातील पाणी घटणे, तीव्र बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे, सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणे आहेत. त्यांतील बरीच दूर करता येतात, मात्र त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. झोपत नाहीत म्हणून घरातली झोपेची गोळी देणे हा सर्वांत वाईट उपाय. चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, झटका येणे, ताप येणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर गोंधळ उडणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

एक सावधगिरीची सूचना. माझ्या आईची हकिकत वाचून कुणी रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, किंवा जेवणात वरून मीठ घालू लागू नये. दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात.

मंडईची स्वारी

घरी आल्यावर आईने एक अट घातली. "मला कुठेतरी एकटीला जाऊन येऊ दे. सारखे कुणीतरी धरून नेते, त्याने माणूस जास्त म्हातारे होते." मी घाबरलो, पण तिचे म्हणणे वैद्यकशास्त्राला धरूनच होते. पडण्याच्या भीतीने चालणे सोडले की स्नायू आणि तोल दोन्ही कमी होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

पहिली मोहीम शहर बसची. कंडक्टरने तिकीट मागताच आईने रुबाबात आधार कार्ड पुढे केले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, हे तिला पक्के ठाऊक. "आजी, ही एसटी नव्हे," कंडक्टर हसून म्हणाला. तिने पैसे दिले खरे. पण "बस ती बसच," हे तिचे मत आजही कायम आहे. मग पत्नीने तिला ज्येष्ठांच्या सवलतीच्या पासची माहिती दिली.

दुसरी मोहीम मोठी होती. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस मेट्रो मंडईपर्यंत पोहोचली आणि आईने तुळशीबागेत जायचे ठरवले. आनंदनगरला बसायचे, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलायची, मंडईला उतरायचे. आम्ही दोनदा तिच्याबरोबर जाऊन आलो. तिसऱ्यांदा ती एकटी निघाली. पर्समध्ये घरचा पत्ता, दोन दूरध्वनी क्रमांक आणि चालू औषधांची यादी असलेला कागद. मी दवाखान्यात बसून दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. दीड वाजता फोन आला. "पोचले. जमिनीखालून वर आले तर समोर मंडई! समईच्या वाती आणि एक गाळणी घेतली. गाळणीवाल्याने फसवले, पण घासाघीस करायला मजा आली." त्या रात्री ती दोन भाकऱ्या जेवली.

घर बदलताना एवढे करा

सगळी जुनी औषधे एका पिशवीत घालून नव्या डॉक्टरांपुढे ठेवा. कंपनीच्या नावावरून नव्हे, तर घटकांच्या नावावरून यादी करून घ्या आणि जी बंद करायची ती घरातून काढून टाका. जुन्या डॉक्टरांकडून आजारांचा थोडक्यात तपशील आणि शेवटचे अहवाल लिहून आणा.

पलंग, देव, खुर्ची शक्य तितकी जुन्याच मांडणीने ठेवा. रात्रीच्या वाटेवर दिवा असू द्या. घसरणारी पायपुसणी काढा. चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी ठेवा. नव्या जागी धड दिसत-ऐकू येत नसेल तर गोंधळ दुप्पट होतो.

पहिले दोन महिने दर आठवड्याला वजन करा. जेवण घटते आहे हे डोळ्यांपेक्षा काटा आधी सांगतो. जुन्या गावातल्या मैत्रिणींशी फोनची वेळ ठरवून द्या. आणि घरात एक काम त्यांच्या मालकीचे असू द्या. पाहुण्याला काम नसते, आणि पाहुणेपण वृद्ध माणसाला फार थकवते. मदत किंवा माहिती हवी असल्यास ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आईचे कऱ्हाडला जाणे थांबलेले नाही. वर्षातून दोनदा ती एसटीने, अर्थातच मोफत, जाऊन येते. पूर्व कुठे आहे ते मी तिला अखेरपर्यंत सांगितले नाही. एका सकाळी ती गॅलरीत दिसेना म्हणून मी खाली धावलो. मागच्या फाटकाजवळच्या बाकापाशी, सोसायटीतल्या दोन आजींच्या मधोमध, ती तांब्या घेऊन उभी होती. त्यांतली एक तमिळ बोलते, आईला तमिळचा गंधही नाही. "इथून दिसतो," आई मला म्हणाली. "या मला रोज बोलवायला येतात."

मी तसाच उभा राहिलो. दवाखान्याला त्या दिवशी थोडा उशीर झाला.