वशिला, ओळख आणि संगणकावरील नोकरभरती

माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरभरतीची पद्धत गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलून गेली आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात, टपालाने पाठवलेला अर्ज आणि मुलाखतीचे पत्र हा जुना क्रम मागे पडला. १९९७ मध्ये आपल्याकडे नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू झाले आणि मे २००३ मध्ये अमेरिकेत लिंक्डइन सुरू झाले. आता एका संध्याकाळी पन्नास ठिकाणी अर्ज करता येतो. परंतु पन्नास अर्ज करूनही एका ठिकाणाहून उत्तर येत नाही, हा अनुभव आपल्या महाविद्यालयांतील बी.सी.ए. आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवीन नाही. अशा वेळी विद्यार्थी एकच निष्कर्ष काढतो : ‘सर, वशिल्याशिवाय काही होत नाही.’

या विधानात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे तपासणे आणि त्यातून आपल्यासारख्या शिक्षकांच्या वाट्याला कोणते काम येते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वशिला आणि शिफारस

‘वशिला’ हा शब्द मराठीत अरबीतील ‘वसीला’ या शब्दावरून आला. मूळ अर्थ साधन, माध्यम, जवळ पोहोचण्याचा मार्ग असा आहे. कुरआन शरीफमध्ये हा शब्द अल्लाहची जवळीक साधण्याचे साधन या अर्थाने आला आहे. उर्दूतही त्याला प्रतिष्ठा आहे. मराठीत मात्र गैरमार्गाने काम करून घेणे असा अर्थ त्याला चिकटला. याउलट फारसीतील ‘सिफारिश’वरून आलेल्या ‘शिफारस’ या शब्दाने मराठीत आपला मान टिकवला. समितीच्या शिफारशी आपण आदराने वाचतो आणि शिफारसपत्र निःसंकोचपणे मागतो.

हा फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे. पात्रता नसताना कोणाच्या तरी अधिकारामुळे जागा मिळणे हा वशिला. पात्र उमेदवाराची माहिती योग्य माणसापर्यंत पोहोचणे ही ओळख. पहिल्यात दुसऱ्याचा हक्क डावलला जातो. दुसऱ्यात केवळ दार ठोठावले जाते. परीक्षा आणि मुलाखत पुढे द्यावीच लागते. संगणक कंपन्यांत जी ‘रेफरल’ पद्धत रूढ आहे, ती या दुसऱ्या प्रकारात मोडते. कंपनीतील कर्मचारी ओळखीच्या उमेदवाराचा बायोडाटा अंतर्गत नोंदणीतून पुढे पाठवतो. उमेदवार निवडला गेला आणि काही काळ टिकला, तर अनेक कंपन्या त्या कर्मचाऱ्याला बक्षीस म्हणून रक्कमही देतात. म्हणजे ही पद्धत चोरून चालणारी नाही, नियमांत बसवलेली आहे.

दूरच्या ओळखीचे बळ

ओळखीचा उपयोग होतो हे मान्य केले, तरी कोणती ओळख उपयोगी पडते, हा प्रश्न उरतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावातील नोकरी बदललेल्या लोकांचा त्यांनी अभ्यास केला होता. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांना ‘ती माहिती देणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे?’ असे त्यांनी विचारले. वारंवार भेटणारा, असे उत्तर १६.७ टक्के लोकांनी दिले. अधूनमधून भेटणारा, असे ५५.६ टक्क्यांनी, तर क्वचित भेटणारा, असे २७.८ टक्क्यांनी सांगितले.

याचे कारण सोपे आहे. आपला सख्खा मित्र आणि आपण एकाच वर्तुळात वावरतो. त्याला जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. दूरचा परिचित वेगळ्या वर्तुळातला असतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते.

सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच विषयावर लिंक्डइनच्या माहितीवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत दोन कोटी लोकांवर केलेले ते प्रयोग होते. अगदी जवळच्यांपेक्षा मध्यम दूरच्या ओळखी नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी ठरतात, मात्र ओळख अगदीच नाममात्र असली तर फायदा कमी होतो, असे त्यातून दिसले. ज्या उद्योगांत संगणकाचा वापर अधिक आहे, तेथे दूरच्या ओळखीचा परिणाम जास्त, आणि जेथे तो कमी आहे तेथे जवळच्या ओळखीचा परिणाम जास्त, असेही आढळले.

आपल्या समाजाच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालानुसार मुस्लिम कामकरी लोकांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते. हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के होते. गॅरेज, शिवणकाम, बेकरी, फळांचा व्यापार, छोटे दुकान ही आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरची पार्श्वभूमी आहे. या घरांतील नाती घट्ट असतात. मामाच्या गॅरेजमध्ये भाच्याला काम मिळते, कारण तेथे जवळची ओळख पुरते. परंतु तो भाचा बी.सी.ए. झाला, की मामाची ओळख पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या कंपनीपर्यंत पोहोचत नाही. रेफरल पद्धतीत जे आत आहेत ते आपल्यासारख्यांना आत आणतात. ज्यांचे कोणीच आत नाही, ते पात्र असूनही बाहेर राहतात.

चाळणी कशी चालते

मोठ्या कंपनीकडे आलेले अर्ज प्रथम संगणकप्रणालीत जमा होतात. प्रणाली बायोडाटा वाचून नाव, पदवी, वर्ष, कौशल्ये असे रकाने भरते. भरती अधिकारी मग ‘जावा’, ‘पायथॉन’, ‘टेस्टिंग’ असे शब्द टाकून शोध घेतो. ज्या बायोडाटात हे शब्द नाहीत, किंवा चित्रे, चौकटी आणि दुहेरी स्तंभांमुळे प्रणालीला ते नीट वाचता आले नाहीत, तो अर्ज शोधात वर येत नाही. तो कोणी नाकारलेला नसतो, कोणी पाहिलेलाच नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर अर्ज लिहिणे आणखी सोपे झाले. एकसारख्या सफाईदार अर्जांच्या गर्दीत ओळखीच्या माणसाने पुढे केलेल्या नावाचे वजन साहजिकच वाढते.

यंत्र निःपक्षपाती असते, असेही मानू नये. ॲमेझॉन कंपनीने बायोडाटांना गुण देणारी प्रणाली तयार करून पाहिली होती. आधीच्या दहा वर्षांतील अर्जांवरून ती शिकली. त्यांत पुरुषांचे अर्ज अधिक होते, म्हणून बायोडाटात ‘महिला’ हा शब्द आला की ती गुण कमी करू लागली. कंपनीने तो प्रयत्न सोडून दिल्याची बातमी रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिली.

नावाचा प्रश्न

ज्या प्रश्नाविषयी विद्यार्थी आपल्याशी हळू आवाजात बोलतात, त्याकडेही पुराव्यानिशी पाहिले पाहिजे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे, केवळ नावे वेगळी असलेले ४,८०८ अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश आढळली. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने एक हजार जागांसाठी समान पात्रतेच्या दोन काल्पनिक तरुणींचे अर्ज पाठवले. हिंदू नावाला २०८, तर मुस्लिम नावाला १०३ ठिकाणांहून अनुकूल प्रतिसाद आला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्ली परिसरातील ३७१ जागांवरील अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय नावांविरुद्ध भेदभाव आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र तफावत दिसली. जेथे कौशल्य मोजता येते तेथे नावाचा प्रभाव कमी होतो, असा एक अर्थ यातून निघू शकतो.

भेदभाव नाही, असे विद्यार्थ्याला सांगणे खोटेपणाचे ठरेल. भेदभाव आहे म्हणून प्रयत्न व्यर्थ आहेत, असे सांगणे त्याहून घातक आहे. केवळ नाव पाहून बाजूला ठेवला जाणारा अर्ज उघडला जावा, यासाठी आतील माणसाचा शब्द आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना ही दोन साधने आपल्या हाती आहेत.

प्राध्यापकांचे काम

पहिले काम माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचे. पाच-दहा वर्षांपूर्वी आपल्या वर्गात बसलेला विद्यार्थी आज एखाद्या कंपनीत असतो. त्याची आणि आजच्या विद्यार्थ्याची मध्यम दूरची ओळख करून देणारा दुवा म्हणजे त्या दोघांना शिकवणारा शिक्षक. प्रत्येक विभागाने नाव, उत्तीर्ण होण्याचे वर्ष, शहर आणि कामाचे स्वरूप अशी यादी संबंधितांची संमती घेऊन ठेवावी आणि दरवर्षी ती तपासावी. यासाठी संस्थेला एक पैसाही खर्च येत नाही.

दुसरे काम पत्रलेखनाचे, आणि ते आम्हा भाषाशिक्षकांचे आहे. अनोळखी माणसाला लिंक्डइनवर लिहिताना विद्यार्थी ‘कृपया मला नोकरी द्या’ एवढेच लिहितो, नाहीतर लांबलचक आर्जव करतो. मिर्झा गालिबने आपल्या पत्रांतून मायन्यातील लांब अल्काब-आदाब बाजूला सारून थेट बोलायला सुरुवात केली, हे आपण वर्गात शिकवतोच. तोच धडा येथे लागू पडतो. मी कोण, तुमची ओळख कशी लागली, मी काय केले आहे आणि मला नेमके काय विचारायचे आहे, अशी चार वाक्ये पुरतात. नोकरी मागण्यापेक्षा ‘या कामासाठी मी आणखी काय शिकावे?’ असे विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. हा सराव आधी मराठीत किंवा उर्दूत करून घ्यावा, मग इंग्रजीत.

तिसरे काम नावाच्या लेखनाचे. एकाच विद्यार्थ्याचे ‘शेख’, ‘मोहम्मद’ किंवा ‘सय्यद’ हे शब्द गुणपत्रिकेवर एका इंग्रजी स्पेलिंगने, आधारकार्डावर दुसऱ्या आणि बायोडाटावर तिसऱ्या स्पेलिंगने असतात. कोठे ‘मोहम्मद’ पूर्ण, तर कोठे ‘मोहं.’ असा संक्षेप. निवड झाल्यावर होणाऱ्या कागदपत्रांच्या पडताळणीत हाच फरक अडचणीचा ठरतो. प्रवेशाच्या वर्षीच हे पाहून दुरुस्तीस लावल्यास पुढचा मनस्ताप टळतो.

चौथे काम सुरक्षिततेचे. मुलींच्या पालकांना ऑनलाइन प्रोफाइलची धास्ती वाटते आणि ती निराधार नाही. छायाचित्र लावणे सक्तीचे नसते, फोन क्रमांक आणि घरचा पत्ता लिहू नये, प्रोफाइल कोणाला दिसावे हे ठरवता येते. एवढे पालकांना समोर बसवून दाखवले तर विरोध बराच कमी होऊ शकतो. नोकरीसाठी आगाऊ पैसे मागणारी कंपनी खरी नसते, हेही वर्गात सांगावे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या इशाऱ्यानुसार, थायलंडमध्ये संगणकावरील नोकरी देतो असे सांगून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले गेले आणि तेथे डांबून ठेवून काम करवून घेतले गेले. समाजमाध्यमांवरील जाहिरातींतूनच ते या जाळ्यात अडकले होते. परदेशी नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते.

समारोप

‘वशिल्याशिवाय काही होत नाही’ हे विद्यार्थ्याचे म्हणणे जसेच्या तसे खरे नाही. मात्र ज्याची ओळख नाही त्याचा अर्ज पुष्कळदा वाचलाच जात नाही, एवढे त्यात तथ्य आहे. सधन आणि नोकरदार घरांतील मुलांना ही ओळख घरातच मिळते. ज्यांना ती घरात मिळत नाही, त्यांना ती महाविद्यालयातूनच मिळू शकते. आपल्या संस्थांनी वर्गखोल्या, ग्रंथालये आणि संगणककक्ष उभारले आहेत. येत्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक विभागाने माजी विद्यार्थ्यांची यादी करावी आणि अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातील किमान दोन नावे मिळवून द्यावीत, एवढी विनंती आहे.